बाहेरून दिसलेली आगगाडी

आगगाडीने प्रवास करणाऱ्या माणसाला वाटेत पुष्कळ काही दिसते. शेते दिसतात, नद्या दिसतात, जवळचे तारेचे खांब घाईघाईने आणि दूरच्या टेकड्या संथपणे मागे सरताना दिसतात. दिसत नाही ती एकच वस्तू. ज्या गाडीत तो बसला आहे ती गाडी! एखाद्या मोठ्या वळणावर पुढचे इंजिन क्षणभर नजरेस पडते आणि ते पाहण्यासाठी डब्यातील मुले खिडकीशी गर्दी करतात. वळण संपले की इंजिन पुन्हा अदृश्य होते. शेकडो कोसांचा प्रवास करून माणूस घरी येतो, पाहिलेल्या मुलखाचे रसभरित वर्णन करतो. पण त्या मुलखातून जाताना आपली गाडी कशी दिसत होती, हे त्याला कधीच सांगता येत नाही.

ते सांगणारा माणूस वेगळा असतो. तो गाडीत बसत नाही. गळ्यात कॅमेरा अडकवून तो डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठी किंवा भाताच्या बांधावर तासन्‌तास उभा राहतो आणि गाडी समोरून जाते तेवढ्या अर्ध्या मिनिटात आपले काम उरकतो. निसर्गरम्य प्रदेशातून जाणाऱ्या प्रवासी गाड्यांची छायाचित्रे घेणे, हा त्याचा छंद. शेजारीपाजारी त्याला विचारतात, ‘‘गाडीचे कसले चित्र काढायचे? ती तर रोजच जाते!’’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला चेन्नई हे शहर सोयीचे आहे. कारण आगगाडी आणि छायाचित्र या दोन्ही गोष्टी या शहरात जवळजवळ एकाच वेळी येऊन पोहोचल्या.

दक्षिण भारतातील पहिली प्रवासी गाडी १ जुलै १८५६ रोजी मद्रासच्या रायपुरम्‌ स्थानकातून वालाजा रोडकडे निघाली. रायपुरम्‌ची ती खांबांची इमारत अजून उभी आहे. देशात टिकून राहिलेल्या रेल्वे स्थानकांच्या इमारतींमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. त्याच सुमारास मद्रास सरकारने लिनियस ट्राइप नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याला सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमले. १८५७ च्या अखेरीपासून पुढचे काही महिने, आपले अवजड साहित्य बैलगाड्यांतून वाहून नेत, त्याने तिरुचिरापल्ली, मदुराई, तंजावर या भागांचा दौरा केला. मराठ्यांच्या राज्यामुळे महाराष्ट्राला जवळचे वाटणारे तंजावर त्याच्या कागदी निगेटिव्हांवर उमटले. तेथील बृहदीश्वराचे शिखर उमटले, गोपुरे उमटली. मात्र धावणारी वस्तू त्या कागदावर उमटणे शक्यच नव्हते. चित्र पकडण्यासाठी त्या काळी भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. मंदिर तेवढा वेळ निश्चल राही. चालता माणूस धुक्यासारखा पुसट होई किंवा साफ नाहीसा होई. म्हणून त्या काळातील आगगाडीची चित्रे पाहिली, तर गाडी उभी असते. इंजिनाच्या पायरीवर साहेब उभा असतो, आणि सारे कसे श्वास रोखून धरल्यासारखे स्तब्ध असते.

ही अडचण केवळ जुन्या काळाची होती असे नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे सरकते. कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाचा साठावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात गाडी जवळजवळ अर्धा मीटर पुढे गेलेली असते, आणि चित्रात तिच्या खिडक्यांची एक लांबट रेघ होते. सेकंदाच्या हजाराव्या भागात मात्र ती तीन सेंटीमीटरही हलत नाही. खिडकीतला चेहरासुद्धा ओळखू यावा इतके स्वच्छ चित्र मिळते. कित्येक छायाचित्रकार याच्या उलट करतात. पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवून ते गाडीच्या गतीबरोबर कॅमेराही वळवत नेतात. मग गाडी स्पष्ट राहते आणि मागची झाडे वाऱ्यावर उडाल्यासारखी दिसतात. एका रीतीत प्रदेशाला महत्त्व, दुसरीत वेगाला.

परंतु यंत्राचे ज्ञान हा या छंदाचा लहान भाग होय. मोठा भाग आहे तो प्रतीक्षेचा. छायाचित्रकाराला वेळापत्रक पाठ असावे लागते. एवढेच नव्हे, तर कोणती गाडी नेहमी किती उशिरा धावते हेही ठाऊक असावे लागते. कोणत्या महिन्यात सूर्य कोणत्या डोंगराआडून वर येतो, सकाळी आठ वाजता दरीतील सावली कोठवर असते, भात केव्हा हिरवे असते आणि केव्हा पिवळे होते, हे सारे त्याला पाहून ठेवावे लागते. गाडीच्या वेळी ढग आला की दिवस फुकट गेला. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या ‘पथेर पांचाली’ या चित्रपटात दोन लहान भावंडे पांढऱ्या काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहायला धावत जातात. ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे, त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. त्या रानात पहिल्या दिवशी थोडे चित्रण झाले, आणि काही दिवसांनी मंडळी परत गेली तो सारी फुले गुरांनी खाऊन फस्त केलेली! गाडी रोज येत होती, फुले मात्र एका ऋतूची होती. उरलेले दृश्य घेण्यासाठी पुढच्या वर्षीच्या फुलांची वाट पाहावी लागली. ‘गाडी तर रोजच जाते’ या आक्षेपाला हे पहिले उत्तर. गाडी रोज जात असेल, पण तीच गाडी, त्याच उजेडात, त्याच फुलांमधून दुसऱ्यांदा जात नाही.

गाडी तरी तीच कोठे राहते? चेन्नईतील पेरांबूर या भागात २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ‘इंटिग्रल कोच फॅक्टरी’ या डब्यांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. एका स्विस कंपनीच्या आराखड्यावर आधारलेले येथील डबे पुढे साऱ्या देशभर धावले. ज्यांचे बालपण १९७०–८० च्या काळात गेले, त्यांच्या आठवणीतील गाडी तांबूस तपकिरी रंगाची असते. १९९० नंतर वाढलेल्या पिढीच्या आठवणीत ती निळी असते. जुन्या धाटणीचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत पेरांबूरहून बाहेर पडला, आणि त्याच वर्षी याच कारखान्याने पुढे ‘वंदे भारत’ म्हणून ओळखली जाऊ लागलेली पांढरी गाडी तयार केली. काश्मीरच्या बर्फात, आसामच्या चहामळ्यांत किंवा कोकणच्या पुलावर घेतलेल्या चित्रातील डबे पुष्कळदा चेन्नईत जन्मलेले असतात. चित्रावर तारीख लिहिलेली नसली, तरी डब्याच्या रंगावरून जाणकार माणूस काळ सांगतो. कौतुकाने काढलेले चित्र अशा रीतीने नकळत इतिहासाचा कागद होऊन जाते.

चेन्नईच्या सेंट्रल स्थानकावरून रात्री नीलगिरी एक्स्प्रेस निघते आणि सकाळी डोंगराच्या पायथ्याशी, मेट्टुपालयम्‌ला पोहोचते. तेथून पुढे उदकमंडलम्‌पर्यंत, म्हणजे उटीपर्यंत, मीटरगेजची ४६ किलोमीटरांची पर्वतीय रेल्वे आहे. ती १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोहोचली. २००५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. कल्लार ते कुन्नूर हा चढ इतका उभा आहे, की साध्या रुळांवर चाके घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसविलेली आहे आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत वर चढते. चढताना इंजिन पुढे नसते. ते मागून डबे ढकलीत असते. छायाचित्रकार वरच्या वळणावर उभा राहिला, तर त्याला प्रथम दिसतो तो निळा-पिवळसर लाकडी डबा, आणि त्या डब्याच्या अगदी पुढच्या सज्जावर उभा असलेला ब्रेकवाला. धूर मागून येतो. नवख्या माणसाची येथे हमखास फसगत होते. इंजिन येईल म्हणून तो वाट पाहत राहतो, आणि गाडी त्याच्यासमोरून निघून जाते. जाणता माणूस खालच्या बाजूला जागा धरतो, म्हणजे चढणारे वाफेचे इंजिन, त्याच्यापुढचे डबे आणि वरचा सागासारखा घनदाट डोंगर, असे तिन्ही एका चौकटीत येतात. सबंध प्रवासाला चढताना सुमारे पाच तास लागतात. भरधाव गाडीच्या मागे धावणाऱ्या कॅमेऱ्याला येथे जरा उसंत मिळते.

चेन्नईहून मुंबईकडे येणाऱ्या मराठी माणसाच्या वाटेवरही असाच एक घाट आहे. मुंबईहून निघालेला ‘जी. आय. पी.’चा मार्ग आणि मद्रासहून निघालेला मार्ग १८७१ मध्ये रायचूरला एकमेकांना मिळाले. परंतु त्यापूर्वी सह्याद्री ओलांडावा लागला होता. १ : ३७ अशा चढाचा बोरघाट १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या कामाचे कंत्राट घेणारा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच आठवड्यांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने अभियंत्यांच्या साहाय्याने ते काम पुढे तडीस नेले. घाटाच्या बांधकामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह तिच्या नावाशी जोडला गेलेला आहे. पुलांच्या उंच कमानी, फोडलेला कातळ आणि त्याखाली मुंगीएवढी माणसे, असे ते दृश्य आहे. घाटाच्या कामावर एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. रोगराईने आणि अपघातांनी त्यांतले पुष्कळ दगावले. कमानींची मापे कागदोपत्री राहिली, मजुरांची नावे राहिली नाहीत. आज खंडाळ्याच्या पावसाळी धुक्यातून वर येणाऱ्या गाडीचे चित्र पाहताना डोळ्यांना सौख्य होते. परंतु ज्या वाटेवरून ती गाडी येते, ती वाट निसर्गाने दिलेली नाही, हेही त्या चित्रात असते. डोंगर आणि गाडी यांच्यामध्ये माणसाचे श्रम असतात.

या छंदाची एक बाजू दुःखाची आहे, आणि तिचाही उल्लेख केला पाहिजे. गोव्याच्या सीमेवर, कॅसलरॉक आणि कुळे यांच्या दरम्यान, दूधसागर धबधब्याच्या अंगावरूनच रेल्वेचा पूल जातो. पांढरे पाणी, काळा कातळ आणि त्यांच्यामधून सरकणारी गाडी, हे दृश्य देशभर प्रसिद्ध झाले, आणि ते टिपण्यासाठी तरुणांचे लोंढे रुळांवरून चालत जाऊ लागले. जुलै २०२३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वेला जाहीर विनंती करावी लागली, की दूधसागरचे सौंदर्य डब्यात बसूनच पाहावे. रुळांवर विनापरवाना जाणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणे दंडनीय अपराध आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट साधी आहे. विजेवर चालणारी आजची गाडी पूर्वीसारखी गर्जना करीत येत नाही. पावसाच्या आणि धबधब्याच्या आवाजात तर ती अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. भरलेली प्रवासी गाडी थांबवायची म्हटली तरी चालकाच्या हाती फारसे काही नसते. समोर माणूस दिसल्यावर ब्रेक लावला, तरी गाडी शेकडो मीटर पुढे जाऊनच थांबते. ज्याला गाडीचे चांगले चित्र हवे असते, तो मुळात रुळांजवळ जातच नाही. तो दूर जातो, उंच जातो. गाडी लहान दिसू लागली, की प्रदेश मोठा होतो, आणि दोघांचे नाते तेव्हाच कळते. धोका पत्करून जवळून घेतलेल्या चित्रात बहुधा लोखंडाखेरीज काही नसते.

असे दूर आणि उंच उभे राहण्याचे ठिकाण म्हणजे पांबन. चेन्नईहून संध्याकाळी निघालेली रामेश्वरची गाडी रात्रभर धावून मंडपम्‌पाशी भूमी सोडते आणि समुद्रावर जाते. येथील जुना पूल २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांब. जहाजांना वाट देण्यासाठी त्याच्या मध्यभागी दोन पाखांचा उचलता येणारा गाळा होता, आणि ती दोन्ही पाखे कामगार हातांनी तरफा फिरवून उघडीत. मद्रासच्या एग्मोर स्थानकावरून निघणारी ‘बोट मेल’ या पुलावरून धनुष्कोडीला जाई. तेथून प्रवासी आगबोटीने तलैमन्नारला उतरत आणि पुढच्या गाडीने कोलंबोला जात.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली प्रवासी गाडी आपल्या मुक्कामाजवळ पोहोचली असताना लाटांनी गिळली. गाडीत शंभराहून अधिक माणसे होती. त्यांतील कोणीही वाचले नाही. धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले, पुलाचे बहुतेक गर्डर समुद्रात गेले. उचलता येणारा मधला गाळा मात्र उभा राहिला. दुरुस्तीचे काम ज्या तरुण अभियंत्याकडे आले, त्याने ते अवघ्या ४६ दिवसांत पुरे केले. त्यांचे नाव ई. श्रीधरन, कोकण रेल्वेमुळे हे नाव पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. पूल पुन्हा उभा राहिला, धनुष्कोडीची गाडी मात्र परत आली नाही. त्या किनाऱ्यावर रेल्वेच्या इमारतींच्या पडक्या भिंती तेवढ्या उरल्या.

एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. १९१४ पासून सात दशकांहून अधिक काळ रामेश्वरला जाणारा यात्रेकरू गाडीतूनच समुद्र ओलांडीत होता. लक्षावधी लोकांनी खिडकीतून खालचे पाणी पाहिले, हात जोडले, नाणी टाकली. पण समुद्रावरून जाणारी ती गाडी त्यांना दिसली नाही. ते दृश्य मासेमारी करणाऱ्या कोळ्यांच्या वाट्याचे होते. १९८८ मध्ये शेजारीच मोटारींसाठी उंच पूल झाला. गाडीचे काही प्रवासी त्या पुलाने नेले. परंतु त्याच पुलाने लोकांना प्रथमच गाडी दाखविली. मोटारी थांबवून माणसे कठड्याशी उभी राहू लागली. खाली निळे-हिरवे पाणी, त्यावर रेघेसारखा पूल, आणि मुंगीच्या पावलांनी येणारी गाडी. जुन्या पुलावर तिला अत्यंत मंद गतीने जावे लागे, आणि वाऱ्याचा जोर मर्यादेबाहेर वाढला तर सिग्नल लाल होऊन ती थांबून राही. छायाचित्रकाराला एवढा वेळ देणारी गाडी साऱ्या देशात विरळाच.

२००७ मध्ये हा मार्ग रुंद झाला आणि मीटरगेजच्या लहान गाड्या गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये जीर्ण झालेल्या पुलावरील वाहतूक कायमची थांबली. ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले, त्याचा ७२.५ मीटरांचा मधला गाळा यंत्राच्या बळावर सरळ १७ मीटर वर उचलला जातो. नवा पूल अधिक सुरक्षित आहे, गाडीही त्यावरून अधिक वेगाने जाते, आणि प्रवाशांच्या दृष्टीने हेच योग्य झाले. जुन्या पुलासाठी हळहळताना १९६४ ची रात्र विसरून चालणार नाही. तरीही १९८८ ते २०२२ या काळात रस्त्याच्या कठड्याला टेकून ज्यांनी जुन्या पुलावरील गाड्यांची चित्रे घेतली, त्यांनी एक मोठे काम करून ठेवले आहे. त्या पुलावरून गाडी कशी जात होती, हे आता दुसऱ्या कोठे पाहायला मिळणार नाही. ती चित्रे घेताना त्यांना याची जाणीव असेल असेही नाही. त्यांना फक्त सकाळचा उजेड आवडला असेल, पाण्याचा रंग आवडला असेल. वर्षांमागून वर्षे तीच गाडी तेथून जात होती, म्हणून ती कधी जाणार नाही असे कोणाच्या मनातही आले नसेल.

छायाचित्रकाराला विचारलेल्या प्रश्नाचे दुसरे उत्तर हे असे. रोज दिसणाऱ्या वस्तूकडे माणूस लक्ष देत नाही, आणि ती दिसेनाशी झाली की तिचे रूप त्याला नीट आठवत नाही. रोजच्या वस्तूचे चित्र रोजच्या दिवसांतच काढून ठेवावे लागते.

पांबनच्या कठड्याशी आजही माणसे उभी असतात. गाडी नव्या पुलावर येते. कॅमेरे वर होतात. डब्यांच्या दारांत आणि खिडक्यांत प्रवासी असतात. कोणी रात्रभराच्या प्रवासाने शिणलेला, कोणी आईची रक्षा घेऊन निघालेला, कोणी पहिल्यानेच समुद्र पाहणारा. त्यांना समुद्र दिसत असतो. वरच्यांना समुद्रावरून जाणारी माणसे दिसत असतात. खिडकीतील एखादे मूल वर पाहून हात हालवते. कठड्यावरचा छायाचित्रकार क्षणभर कॅमेरा खाली घेतो, आणि तोही हात हालवतो.